चौदा बावी, एक मोजपट्टी : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज चौदा बावींचे, म्हणजे विहिरींचे, चौदा आलेख घरोघरी वाटून आलो. येताना एक गोष्ट मनाला लागली, तीच आधी लिहितो.

आमची वाडी मालवण तालुक्यात, कर्ली खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर आहे. दोन्ही अंगांना खारं पाणी आणि मधे वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी. गोडं पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्यावर तरंगतं आणि आमच्या बावी त्या तरंगत्या थरातून पाणी देतात. दिवाळीपासून दर रविवारी मी, भूगोलाच्या मॅडम आणि बारावीतली चार मुलं बावींची पातळी आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. वाहकता वाढली की क्षार वाढले असं धरायचं. मीटर दर रविवारी सेंटीमीटरला १४१३ मायक्रोसीमेन्स (हे वाहकतेचं एकक) अशा प्रमाण द्रावणात बुडवून आधी ताळ्यावर आणतो.

आलेख व्ह्यूज (Veusz) या सॉफ्टवेअरमध्ये काढले. ते मोफत आहे, मुक्त आहे आणि कॉलेजच्या जुन्या संगणकावरही चालतं. माउसने एकेक आलेख केला, शनिवारची सगळी दुपार त्यात गेली.

सात नंबरच्या बावीच्या काकूंनी कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला. "झिला, माझी बाव खारी झाली मां? रेघ बघ कशी सरळ वर गेली हा." रेघ खरंच डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्यात गेली होती. पण आकडे होते ४१० ते ५२०. वाडीतलं हे सगळ्यांत गोड पाणी. खाडीकाठच्या तीन नंबरच्या बावीची रेघही खालीवर होत तशीच कागदभर पसरली होती, आणि तिथले आकडे होते २६०० ते ३३००. अक्षाची मर्यादा मी 'ऑटो'वर सोडली होती, म्हणून सॉफ्टवेअरने प्रत्येक बावीची रेघ तिच्या तिच्या कागदावर ताणून बसवली. चूक माझी. काकूंना समजावलं, पण त्या वासराला पाणी पाजताना दोनदा थबकल्या, ते मी पाहिलं.

ठरलं ते असं: सगळ्या बावींना एकच मोजपट्टी. आणि चौदा खिडक्यांत चौदा वेळा आकडे टाकून ती लावायची नाही. एखादी राहणारच.

५ फेब्रुवारी, बुधवार

व्ह्यूजची जतन केलेली फाइल सहज साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. वाटलं होतं काहीतरी गिचमिड दिसेल, पण आत वाचता येतील अशा ओळी निघाल्या: पान 'अ‍ॅड' कर, त्या पानाकडे 'टू' जा, रुंदी एवढी 'सेट' कर, आलेख 'अ‍ॅड' कर. सगळ्या ओळी पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या धाटणीच्या. म्हणजे शनिवारी दुपारभर माउसने जे केलं, ते सॉफ्टवेअरने स्वतःच्या भाषेत आज्ञा म्हणून लिहून ठेवलं होतं. जेरेमी सँडर्स या खगोलशास्त्रज्ञाने हे सॉफ्टवेअर पायथनमध्येच लिहिलं आहे, त्यामुळे आतली भाषा आणि बाहेरून हुकूम देण्याची भाषा एकच.

आज मला झोप लागणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिली स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने लिहिलेल्या आज्ञांची फाइल, चालली. व्ह्यूजचं 'एम्बेड' नावाचं मोड्यूल पायथनमध्ये आयात करायचं, त्यातून एक खिडकी तयार करायची आणि मग मुळापासून खाली उतरत जायचं: मूळ, मुळावर पान, पानावर आलेख, आलेखावर अक्ष आणि बिंदूंची मालिका. प्रत्येक वस्तूचे गुणधर्म तिच्या नावापुढे टिंब देऊन मिळतात. माउसने करताना डावीकडच्या यादीत जे झाड दिसतं, तेच हे झाड.

सुरुवातीला खिडकी उघडून लगेच मिटत होती. स्क्रिप्ट संपली की खिडकीही संपते. शेवटी 'खिडकी बंद होईपर्यंत थांब' अशी एक आज्ञा द्यावी लागते. दुसरी अडचण अशी की आलेख जोडला की आडवा आणि उभा अक्ष आपोआप येतात. हे ठाऊक नसल्याने मी वेगळ्या नावाने आणखी दोन अक्ष जोडले आणि आकडे एकावर एक छापले गेले. आपोआप जोडणी बंद करता येते, पण ती चालू ठेवून आलेल्याच अक्षांना आकडे सांगणं सोपं पडतं.

उभ्या अक्षाला किमान ० आणि कमाल ५००० दिलं. चौदाही बावींना तेच. स्क्रिप्टमध्ये ही मर्यादा सगळ्यांत वर, एकाच जागी लिहिली आहे आणि तिच्या शेजारी मराठीत टीप टाकली आहे: 'हा आकडा एका बावीसाठी बदलू नये.'

१६ फेब्रुवारी, रविवार

तारखांनी छळलं. मुलांनी वहीतले आकडे स्प्रेडशीटमध्ये भरले. त्यात जिथे दिवस बारापर्यंतचा होता तिथे तिथे दिवस आणि महिना यांची अदलाबदल झालेली. पाच जानेवारीचं वाचन एक मेला जाऊन बसलं. आलेखावर रेघ मध्येच पुढे जाऊन मागे येत होती. एका मुलीच्या लक्षात आलं, "सर, बाव काळात मागे कशी जाईल?" आता तारीख वाचताना 'आधी दिवस, मग महिना, मग वर्ष' हे पायथनला स्पष्ट सांगतो. त्याच्यावर तर्क करायची पाळीच येऊ देत नाही.

ते सुटतंय तोवर दुसरं. मी तारखांचे सेकंद करून दिले आणि आडव्या अक्षावर २०६४ साल उमटलं. संगणकात सहसा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. व्ह्यूज मोजतं १ जानेवारी २००९ पासून. मधली एकोणचाळीस वर्षं नेमकी पुढे सरकली. आकडेमोड आपण करायचीच नाही, पायथनच्या तारखेच्या वस्तू तशाच तारखांच्या आज्ञेला द्यायच्या आणि अक्षाचा प्रकार तारखेचा ठेवायचा, की काम होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

अकरा नंबरच्या बावीची रेघ एका रविवारी थेट शून्याला टेकून वर आली होती. त्या दिवशी घराला कुलूप होतं आणि मुलाने रकान्यात ० लिहिलं. शून्य वाहकता म्हणजे शुद्धाहून शुद्ध पाणी, तसं पाणी कुठल्याच बावीत नाही. न मोजलेल्या जागी आता 'नॅन' (आकडाच नाही, अशी खूण) जातं आणि तिथे रेघ तुटते. मला ती तुटलेली रेघ आवडते. त्या रविवारी आम्ही मोजलं नाही, हे कागदावर दिसतं.

२ मार्च, रविवार

मराठी अक्षरं. वाडीत वाटायचा कागद मराठीतच हवा, याबद्दल मॅडम आणि मी दोघेही ठाम होतो.

याआधी मी मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढायच्या साधनावर प्रयत्न केला होता. तिथे 'विद्युतवाहकता' लिहिलं की पहिली वेलांटी 'व'च्या पुढे जाऊन बसे आणि 'द्यु' फुटून 'द' खाली पाय मोडून उभा राही. अक्षरं जोडण्याचं काम तिथे आपोआप होत नव्हतं. व्ह्यूज हे काम क्यूटी (खिडक्या आणि मजकूर दाखवणारं तयार साधन) याच्याकडून करून घेतं आणि क्यूटीला देवनागरीची जोडाक्षरं येतात. उभ्या अक्षावर फिरवलेलं 'विद्युतवाहकता' अखंड आलं, शिरोरेखेसकट. अर्धा तास नुसता पाहत बसलो.

फॉन्ट मात्र स्क्रिप्टमधूनच ठरवावा. माझ्या संगणकावर मुक्ता होता, कॉलेजच्या संगणकावर नव्हता, तिथे सगळं मोडून चौकोन झाले. आता स्टाइलशीटमध्ये एकदा फॉन्ट सांगतो, तो पानावरच्या सगळ्या मजकुराला लागतो. फॉन्टची फाइलही स्क्रिप्टच्या फोल्डरमध्येच ठेवली आहे.

आणखी एक: बावींची नावं मी अंडरस्कोअर घालून लिहिली होती. व्ह्यूज मजकुरातल्या अंडरस्कोअरला 'पुढचं अक्षर खाली छोटं लिही' असं समजतं. आलेखांच्या डोक्यावर बावीचा क्रमांक रसायनशास्त्राच्या सूत्रासारखा खाली लोंबत होता. नावात आता मोकळी जागा.

९ मार्च, रविवार

तीन नंबरची बाव समजत नाही. एका रविवारी २६००, पुढच्या रविवारी ३२००, मग पुन्हा खाली. बाकी तेरा बावी सरळ रेषेत हळूहळू चढतात, ही उड्या मारते. मुलं म्हणाली मीटर बिघडला. पण मीटर एकच, आणि प्रमाण द्रावणात तो बरोबर दाखवतो.

ही बाव खाडीपासून चाळीस पावलांवर आहे. संध्याकाळी तिथल्या आजोबांशी बोलत बसलो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढण्यात आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी वहीकडे पाहिलंही नाही. "भरतीक मोजलंस की सुकतीक?" त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. वेळ लिहिली होती, भरती-ओहोटी लिहिली नव्हती. "तिथीची पाऊणपट कर, भरती गावता," ते म्हणाले.

१४ मार्च, शुक्रवार, पौर्णिमा

काल होळी पेटली, आज धुळवड. वाडीत शिमग्याचा कल्लोळ आणि आम्ही तिघे तीन नंबरच्या बावीवर, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर तासाला एक वाचन. एक मुलगी रंग खेळायला गेली आणि दुपारी गुलालाच्या हातांनी पोहे घेऊन आली.

पौर्णिमा म्हणजे तिथी पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. जेट्टीच्या खांबावर खुणा करून पाहिलं, पाणी साडेअकराच्या सुमारास चढायचं थांबलं. आजोबांचा हिशोब पंधरा मिनिटांत आला. बावीतलं पाणी मात्र पावणेदोनच्या सुमारास सर्वांत वर होतं, जवळजवळ एक वीत. वाळूतून दाब पोचायला साधारण दोन तास लागतात. आणि पाणी चढतं तशी वाहकताही चढत गेली.

रात्री बसून हिशोब केला. एका चांद्रमासात तिथी तीस, आणि तेवढ्यात भरतीची वेळ पुरे चोवीस तास फिरून येते. म्हणजे एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. दर तिथीला तीन मिनिटांची कसर, पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची. पण नवा पक्ष लागला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, त्यामुळे चूक साठत नाही. तोंडी करता यावा असा सोपा हिशोब, आणि त्यात चूक पुसून टाकण्याची सोय आधीच करून ठेवलेली. ज्यांनी तो बसवला त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटला.

१६ मार्च, रविवार

भिंतीवरच्या कॅलेंडरातून दिवाळीपासूनच्या सगळ्या रविवारांच्या तिथी मुलींनी उतरवून दिल्या. माहितीत एक रकाना वाढला. स्क्रिप्टमध्ये पाचसहा ओळींचं एक फंक्शन लिहिलं: तिथी घ्यायची, पाऊणने गुणायचं, बावीसाठी दोन तास वाढवायचे, आणि वाचनाची वेळ त्याच्या मागेपुढे तीन तासांत असेल तर 'भरती', नाहीतर 'ओहोटी'. दोन भरत्यांमध्ये बारा तास पंचवीस मिनिटं, तेही धरलं. अठ्ठेचाळीस न घेता आजोबांची पाऊणच ठेवली. भरती की ओहोटी एवढाच निवाडा करायचा आहे, त्याला अर्धा तास इकडेतिकडे चालतो.

मग तीन नंबरच्या एकाच मालिकेच्या दोन केल्या. भरतीची वाचनं भरीव निळ्या वर्तुळांनी, ओहोटीची पोकळ. स्क्रिप्ट चालवली.

उड्या गेल्या. दोन वेगळ्या रेघा दिसल्या, दोन्ही हळूहळू चढणाऱ्या, एकीच्या खाली दुसरी. माहिती तीच होती, चार महिने आमच्याजवळच होती. मुलगा म्हणाला, "सर, मीटर चांगला आहे." हो रे बाबा.

यापुढे खाडीकाठच्या तिन्ही बावी ओहोटीलाच मोजायच्या. रविवारी जमलं नाही तर सोमवारी.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उतरल्यावर बसलो. प्रश्न असा की पाणी कुठवर पिण्याजोगं, हे आलेखावर कसं दाखवायचं.

भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२ ची आवृत्ती) विरघळलेल्या क्षारांसाठी लिटरला ५०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा देतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. आम्ही मोजतो वाहकता. वाहकतेवरून क्षार काढायला तिला साधारण ०.५ ते ०.७ ने गुणतात, पाण्यात कोणते क्षार आहेत त्यावर गुणक ठरतो. मग ५०० ची मर्यादा वाहकतेत ७१४ ते १००० मध्ये कुठेतरी येते, आणि २००० ची २८५७ ते ४००० मध्ये. मॅडमचं म्हणणं, मधला आकडा घेऊन एक लाल रेघ मारा, लोकांना रेघ कळते. मी नाही म्हटलं. रेघ मारली की रेघेच्या वर एक पाऊल गेलेली बाव 'वाईट' ठरते, आणि एवढी अचूक माहिती आपल्याजवळ नाही. काकूंचा चेहरा मी विसरलेलो नाही. बराच वेळ वाद झाला, शेवटी पट्टा ठरला.

पट्टा काढायची युक्ती: दोन टोकांचे फक्त दोन बिंदू, किंमत ८५७, त्याला चूक अधिक-उणे १४३, आणि चुकीचा दांडा दाखवायच्या ऐवजी चुकीचा भाग रंगाने भरायची शैली. बिंदूंच्या खुणा लपवायच्या. फिकट पिवळा पट्टा आडवा पसरतो. वरचा पट्टा असाच, मध्य ३४२८.५ आणि चूक ५७१.५, फिकट तांबडा. दोन्ही पट्टे अशा क्रमाने ठेवायचे की बावीची रेघ त्यांच्यावरून जाते.

लॉग अक्षाचाही विचार केला होता, गोड बावींचे बारीक बदल त्यात चांगले दिसतात. पण १०० ते १००० जेवढं उंच, तेवढंच १००० ते १०,०००, हे शेजारच्या दोघांना दाखवून पाहिलं आणि दोघांनीही खारी बाव गोड ठरवली. सरळ अक्षच बरा.

१३ एप्रिल, रविवार

मॅडमनी तीन पानांवर मथळे सुधारले, अक्षरं मोठी केली, निळा रंग बदलला. सगळं माउसने, मन लावून. संध्याकाळी मी नव्या वाचनांसाठी स्क्रिप्ट चालवली आणि त्यांचं काम पुसलं गेलं, कारण स्क्रिप्ट प्रत्येक वेळी कोऱ्या पानापासून सुरू करत होती. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून जास्त वाईट वाटलं.

यातून जे ठरलं, ते या प्रकल्पातलं मला सगळ्यांत पटलेलं काम आहे. दिसणं माउसने, माहिती स्क्रिप्टने. मॅडमनी एक नमुना पान बनवायचं: रंग, अक्षरं, समास, मथळ्याची जागा, जे त्यांना हवं ते. ते व्ह्यूजच्या फाइलमध्ये जतन करायचं. स्क्रिप्ट आधी ती फाइल उघडते, मालिकांमध्ये त्या बावीचे आकडे भरते, मथळ्यात क्रमांक टाकते आणि पीडीएफ काढते. नमुना बदलला की चौदाही कागद बदलतात आणि स्क्रिप्टला हातही लावावा लागत नाही. अक्षाची मर्यादा आणि पट्टे मात्र स्क्रिप्टमध्येच राहिले. नमुन्यात चुकून 'ऑटो' झालं तरी स्क्रिप्ट ते ० ते ५००० करूनच सोडते. सगळ्या बावींना सारखं असायलाच हवं, तेवढंच तिच्या ताब्यात.

खिडकी न दाखवता चालवायचीही सोय आहे. चहाला आधण ठेवलं, स्क्रिप्ट चालवली, चहा गाळायच्या आत चौदा कागद तयार.

११ मे, रविवार

चाकरमानी आले आहेत. घराघरांत माणसं, आणि दुपारभर पंप. पाच नंबरची बाव दोन रविवारांत पिवळा पट्टा ओलांडून गेली. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट वर असेल तर खाली चाळीसेक फूट गोडं पाणी तोललेलं असतं, कारण समुद्राचं पाणी अडीच टक्के जड. वरून एक फूट उपसलं की खालून खारं पाणी तितक्याच पटीने वर यायला बघतं. कळशीने शेंदलं तर पाणी सावरायला वेळ मिळतो, पंपाला तेवढा दम नसतो.

पाच नंबरच्या घरी सात नंबरचा आणि त्यांचा कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवला. एकच मोजपट्टी असल्याने बोलावं फार लागलं नाही. मुंबईहून आलेल्या थोरल्याने विचारलं, पंप सकाळी थोडा आणि संध्याकाळी थोडा असा चालवला तर? चालवून बघा म्हटलं, आम्ही मोजतो.

मग काकूंकडे. त्यांनी कागद उजेडात धरला. रेघ पिवळ्या पट्ट्याच्या पुष्कळ खाली, जवळजवळ आडवी. "म्हंजे माझी रेघ खाली आसा, ता बरा." मग बोट ठेवून, "आणि हो पट्टो कसलो?" मी सांगितलं. त्यांनी तो कागद देवाच्या फोटोमागे खोचून ठेवला.

२५ मे, रविवार

वाचनं नाहीत. आठवडाभर कोसळतो आहे आणि आज मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचल्याचं जाहीर झालं. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्याची वाट बघतो. आमचा आडवा अक्ष १५ जूनपर्यंत आहे, मे अखेरीचं शिखर टिपायचं म्हणून. शिखर येण्याआधीच पाऊस आला. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, बावी भरताहेत.

१ जून, रविवार

पावसाची उघडीप पाहून तेरा बावी मोजल्या. तीन नंबरला ओहोटीला १४००. पाच नंबर पट्ट्याच्या खाली. काकूंची ३६०.

पुढच्या वर्षीचा उन्हाळा याच्या शेजारी ठेवायचा तर यंदाचा पाऊस कधी आला, हे कागदावरच दिसायला हवं. म्हणून २५ मेला एक उभी तुटक रेघ आणि तिच्या बाजूला 'पाऊस' एवढाच शब्द. स्क्रिप्टमध्ये चार ओळी वाढल्या. चौदा कागद काढले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, मुलं छत्र्या घेऊन बाहेर पडली. चौदाव्या बावीचं वाचन बाकी आहे, तिथवरची वाट पाण्याखाली आहे. रकान्यात नॅन.